मॉनिटरच्या हातातला खडू काढून घेतला, त्या वर्षाबद्दल

वार्षिक निकाल लागले, रिपोर्ट कार्डं वाटून झाली, कपाट आवरलं आणि वर्षभर जे चाललं होतं ते एकदाचं संपलं. आता निवांत बसून लिहून काढतेय, कारण वर्गातली मॉनिटर पद्धत बदलायची तर सुरुवात कुठून करायची, परवानगी कोणाची लागते, पालक काय म्हणतात, हे मी तेव्हा खूप शोधलं होतं आणि सगळीकडे 'मुलांमध्ये नेतृत्वगुण रुजवा' एवढंच मिळत होतं. बरं रुजवते, पण सोमवारी सकाळी वर्गात जाऊन नेमकं काय करू?

मी सातवीची क्लासटीचर, वर्गात चाळीसेक मुलं. शाळेची जुनी पद्धत अशी की आदल्या वर्षी पहिले आलेले एक मुलगा आणि एक मुलगी मॉनिटर, वर्षभरासाठी, बॅजसकट. कामं म्हणजे वह्या गोळा करणं, हॉलला जाताना रांग लावणं, हजेरीचं रजिस्टर ऑफिसमधून आणणं, आणि शिक्षक यायला उशीर झाला की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणं. नावापुढे फुल्या, तीन फुल्या झाल्या की डायरीत शेरा. बाकीची कामं कोणाला आठवतही नाहीत, मॉनिटर म्हणजे नावं लिहिणारा हेच सगळ्या मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

शाळा सुरू होऊन महिना होत आला असेल. ऑफिसमधलं काम उरकून वर्गात शिरले तर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात नावांची रांग, आणि मध्ये एका ठिकाणी नुसता पांढरा धब्बा. नाव लिहून पुसलेलं, त्याच जागी परत लिहिलेलं, परत हाताने पुसलेलं. मॉनिटर मुलगी खडू हातात धरून उभी, बाही पांढरी झालेली, आणि तिसऱ्या बाकावरची तिची खास मैत्रीण खाली मान घालून बसलेली. मी कोणाला काहीच विचारलं नाही, धडा काढायला सांगितला. पण मागून एक मुलगा बोललाच, "बाई, ती तिच्या फ्रेंड्सची नावं पुसते." आणि लगेच मैत्रिणीचा आवाज, "उलट माझंच सारखं लिहिते, म्हणजे कोणी तिला पार्शल म्हणू नये म्हणून!" दोघंही खरंच बोलत होते.

त्यानंतर १२ तारखेला डायरीत तिच्या आईची चिठ्ठी आली, 'हिला मॉनिटरपदातून मोकळं करावं, कारण भेटून सांगते.' भेटल्या तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला वर्गात दिसत नव्हतं. बसमध्ये शेजारच्या सीटवर दप्तर ठेवून 'इथे कोणीतरी येणारे' म्हणायचं, ग्रुप प्रोजेक्टला 'आमचे चार झाले' म्हणायचं, मधल्या सुट्टीत ही आली की बोलणं बंद करायचं. रविवारी रात्री हिचं पोट दुखायला लागायचं. आई म्हणाल्या, "मॅडम, अभ्यासाचं टेन्शन नाहीये तिला, तिला कोणाचं नाव लिहायचं नाहीये."

(पालकांसाठी एक, घरी मूल अचानक 'मला मॉनिटर नको' म्हणालं तर 'अगं एवढा मान मिळालाय' असं म्हणून विषय मिटवू नका. डबा कोणाबरोबर खातेस एवढंच सहज विचारा, तेवढ्यावर बरंच कळतं.)

सुपरवायझर सरांकडे गेले तर ते म्हणाले, बदला की मॉनिटर, त्यात काय. पण दुसऱ्या मुलाला उभं केलं असतं तर तो खडू त्याच्या हातात गेला असता आणि महिन्याभराने दुसऱ्या कोणाची तरी आई आली असती. मला ते कामच काढायचं होतं. सर म्हणाले, मग लेखी द्या, मोठ्या बाईंकडे जाईल, स्टाफ मीटिंगला विषय येईल. पानभर अर्ज लिहिला. यात एक टिप अशी की अर्जात 'मॉनिटर पद्धत बंद करावी' असं लिहू नका, तेवढं वाचूनच सगळे बिचकतात. मी 'एका वर्गापुरता, पहिल्या सत्रापुरता प्रयोग' असं लिहिलं, काय काढणार आणि त्याजागी काय येणार ते दोन कॉलममध्ये, आणि खाली 'सत्रअखेर लेखी अहवाल देईन'. तरीही मीटिंग दोनदा पुढे गेली आणि मधले काही आठवडे जुन्याच पद्धतीने काढावे लागले. ते आठवडे फार जड गेले, कारण कळलेलं असताना रोज तेच बघायचं. तेवढ्यापुरतं मी इतकंच केलं की मोकळ्या तासाला शक्यतो स्वतः वर्गात जाऊन बसले, वह्या तिथेच तपासल्या.

मीटिंगमध्ये अपेक्षित तेच आलं. नावं लिहिली नाहीत तर वर्ग डोक्यावर घेतील, आणि मोकळ्या तासाचं काय. दुसरा प्रश्न खरं तर मोठ्यांच्या टाइमटेबलचा आहे, बारा वर्षांच्या पोरांनी तो का सोडवायचा, हे मी म्हणाले तेव्हा थोडी शांतता पसरली. पहिल्या प्रश्नासाठी मी वाचून गेले होते. कुर्त लेविन नावाचा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९३९ साली छापलेला एक प्रयोग आहे, दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या छोट्या छोट्या क्लबांवर केलेला. कुठे लीडर सगळं हुकुमाने करून घ्यायचा, कुठे मुलांशी बोलून ठरवायचा. हुकूमवाला लीडर खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं, बोलून ठरवणाऱ्या गटात मात्र तो नसतानाही चालू राहायचं. आणि हुकूमवाल्या काही गटांत मुलं आपल्यातल्याच एकाला धरून त्याच्यावर राग काढायची. आमच्या वर्गाचंच वर्णन होतं ते. मोठ्या बाई म्हणाल्या, ठीक आहे, एक सत्र करून बघा, पण शिस्तीची तक्रार आली तर जबाबदारी तुमची. मिनिट्समध्येही तसंच लिहिलं गेलं.

मग पहिलं काम, वर्गात कोण कोणाबरोबर आहे ते नीट बघणं. आपल्याला वाटतं माहितीये, पण आपल्याला पुढचे दोन बाक माहीत असतात. याची पद्धत खूप जुनी आहे. जेकब मोरेनो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९३४ मध्ये ती मांडली, मुलांना शेजारी कोण बसलेलं आवडेल ते विचारायचं आणि उत्तरं बाणांनी कागदावर काढायची. मी विचारलं, 'गटात काम करायचं असेल तर कोणाबरोबर आवडेल, तीन नावं लिहा.' समुपदेशक मॅडमना आधी दाखवून घेतलं, त्यांनी एक गोष्ट बजावली की 'कोण नको' हे अजिबात विचारायचं नाही. संशोधक तेही विचारतात. कोई, डॉज आणि कोपोटेली यांनी १९८२ मध्ये दोन्ही प्रश्नांच्या उत्तरांवरूनच मुलांचे पाच प्रकार मांडले, सगळ्यांना आवडणारी, नाकारलेली, दुर्लक्षित, काहींना फार आवडणारी पण काहींना मुळीच न आवडणारी, आणि मधली सरासरी. पण वर्गशिक्षकाने 'कोण नको' विचारलं की मुलं बाहेर जाऊन तेच बोलत बसतात, नसलेली भांडणं सुरू होतात.

चिठ्ठ्यांवर नावाऐवजी रोल नंबर लिहून घेतले, लिफाफा घरी नेला, मोठ्या कार्डशीटवर चाळीस गोल काढून बाण ओढत बसले. वेळ खाऊ काम आहे, एक अख्खी संध्याकाळ धरून चाला. खर्च म्हणाल तर तेवढीच एक कार्डशीट आणि झेरॉक्स, ते शाळेच्या स्टेशनरीतून मिळालं. काम झालं की चिठ्ठ्या फाडून टाका, शीट कपाटात कुलूपबंद, आणि स्टाफरूममध्ये कितीही मोह झाला तरी 'अगं तिचं नाव एकानेही लिहिलं नाही' ही चर्चा नको. ते चहाच्या कपासोबत पार शाळाभर फिरतं.

शीट बघून मी बराच वेळ गप्प होते. मॉनिटर मुलीकडे एकच बाण आलेला, आणि तो त्याच तिसऱ्या बाकावरच्या मैत्रिणीकडून! भांडण चालू असतानाही तिने लिहिलं होतं. दुसरं म्हणजे खिडकीपाशी बसणारा एक शांत मुलगा, त्याच्याकडे एकही बाण नाही. पण नुसत्या आवडीच्या चिठ्ठ्यांवरून तो नकोसा आहे की कोणाच्या लक्षातच येत नाही हे कळत नाही, म्हणून पुढचे काही दिवस मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभी राहून बघत होते. त्याला कोणी हाकलत नव्हतं, कोणी बोलावत नव्हतं इतकंच. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण न दिसणाऱ्या मुलाला एखादं काम दिलं की तो दिसायला लागतो, आणि ज्याच्याशी पोरं उघड वाकडी वागतात त्याच्या हातात पद दिलं तर वागणं अजून बिघडतं. आणि सगळ्यात जास्त बाण कोणाकडे? मागच्या बाकावरचा तो उंच, वात्रट, फळ्यावर कायम नाव असलेला मुलगा. पहिल्या नंबरवाल्यांपैकी कोणीही त्याच्या जवळपास नव्हतं.

यावरूनच पुढची आखणी केली. एका माणसाच्या पदाऐवजी कामांच्या जोड्या. वह्या, रजिस्टर आणि नोटीस, वर्गातलं वाचनालय, मैदानाचं साहित्य, नवीन किंवा आजारी मुलाला राहिलेला अभ्यास देणं, आणि वर्गसभेत सूत्रसंचालन. दर पंधरा दिवसांनी बदल. जोड्या मी लावायच्या, मैत्रीतल्या दोघांच्या नाहीत आणि भांडणातल्या दोघांच्याही नाहीत. कोणत्याच कामात कोणी कोणाची तक्रार लिहायची नाही. गोंधळ झाला तर शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांना सांगायचं, 'बाई गोंधळ होतोय' एवढंच, नाव न घेता. शेजारच्या मॅडम आधी कुरकुरल्या, मग म्हणाल्या ठीक आहे, मीही माझी पोरं तुझ्याकडे पाठवीन.

पहिल्या पंधरवड्यात वर्ग डोक्यावर घेतला का? घेतला. सर्वांनी मिळून घेतला. खडू नाही म्हटल्यावर जो काही आनंदोत्सव झाला तो सुपरवायझर सरांना वरच्या मजल्यावर ऐकू गेला. तिसऱ्या आठवड्यापासून जरा बसलं, कारण दर शुक्रवारी शेवटची वीस मिनिटं वर्गसभा सुरू केली आणि गोंधळाचा विषय मुलांनीच काढला. मागच्या बाकावरचा तोच उंच मुलगा म्हणाला, "बाई, मोकळ्या तासाला खेळ ठरवून द्या, मग कोणी ओरडणार नाही." शब्दकोड्यांचा एक डबा केला, तो वाचनालयाच्या जोडीकडे. नाही म्हटलं तरी आवाज असतोच, पण दाराबाहेर कमी जातो.

पालकसभा हा मला सगळ्यात जास्त धास्ती वाटणारा टप्पा होता. मॉनिटर मुलगा होता त्याचे वडील उभे राहिले, "मॅडम, माझ्या मुलाने मेहनतीने पहिला नंबर काढला, त्याचा बॅज काढून घेतला तुम्ही, त्याचा काय दोष?" त्यांचा राग मला पटत होता. घरी आजीआजोबांना दाखवलेला बॅज परत द्यायचा म्हणजे मुलाला शिक्षाच वाटणार. यावर तोडगा आधी काढून ठेवला होता म्हणून निभावलं. बॅज कोणाचाच परत घेतला नाही, वर्षअखेर सगळ्या चाळीस जणांना केलेल्या कामाचं प्रमाणपत्र मिळेल असं लेखी दिलं, आणि त्या मुलाला वर्गसभेच्या नियमांचा मसुदा करायला घेतलं, तसं लिहिणं त्याला खरंच जमतं. वडील पूर्ण खूश झाले नाहीत, जाताना 'बघू' म्हणाले. तुम्ही हे करणार असाल तर आधीच्या मॉनिटरच्या घरी सभेच्या अगोदर फोन करा, चारचौघांत कळलं तर कोणालाही लागतं.

दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थी परिषदेची निवडणूक असते, प्रत्येक वर्गातून एक प्रतिनिधी. फॉर्म, त्यावर एक सूचक एक अनुमोदक, पालकांची सही, मुदतीत ऑफिसला, मग दोन मिनिटांचं भाषण आणि गुप्त मतदान. हे सगळं शाळेचंच, त्यात मी बदल करू शकत नव्हते, एक सोडून. जुन्या रिवाजाप्रमाणे फळ्यावर उभ्या रेघा मारून सगळ्यांसमोर मोजणी व्हायची. पाच उमेदवार, आणि एखाद्याच्या नावापुढे एकच रेघ, ती त्याची स्वतःची, हे सगळ्या वर्गाला माहीत! मी लेखी परवानगी घेऊन मोजणी स्टाफरूममध्ये केली, दोन शिक्षकांच्या सह्या घेतल्या, वर्गात फक्त निवडून आलेल्याचं नाव सांगितलं. मुलांनी आकडा खूप विचारला, दोन दिवस पिच्छा सोडला नाही. सांगितला नाही. निवडून आला उंच मुलगा, त्याचं कोणालाच आश्चर्य वाटलं नाही, स्टाफरूम सोडून.

तिथे 'वात्रट कार्टं परिषदेत गेलं' अशी थट्टा झाली. मी त्यांना एका अभ्यासाबद्दल सांगितलं, अमेरिकेत न्यू जर्सीच्या ५६ शाळांमध्ये केलेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला. निम्म्या शाळांत थोड्याशा मुलांना हाताशी धरून भांडणं-छळाच्या विरोधात त्यांच्याच कल्पनांनी कामं करू दिली. तिथे वर्षभरात भांडणांच्या नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या, आणि ज्या गटांत इतर मुलांचं लक्ष सतत ज्यांच्याकडे असतं अशी मुलं जास्त होती तिथे परिणाम जास्त. ही मुलं 'आदर्श विद्यार्थी' असतातच असं नाही. शिक्षकांना आवडणारं मूल आणि मुलं ज्याच्याकडे बघतात ते मूल, ही दोन वेगळी मुलं असू शकतात, आणि पदं वाटताना आपण बहुतेक वेळा पहिलंच उचलतो.

सगळं गोडगोड झालं नाही. सहामाहीनंतर मैदानाच्या साहित्याच्या जोडीतल्या एकाने बॉल आपल्याच टोळीला द्यायला सुरुवात केली आणि खिडकीपाशी बसणाऱ्या मुलाला 'तू स्कोअर लिही' म्हणून रोज बाजूला बसवलं. बाकीचे हसायचे. इथे वर्गात लेक्चर देऊन काही होत नाही. फिनलंडच्या क्रिस्टिना सॅल्मिवल्ली यांनी १९९६ मध्ये सहावीच्या मुलांचा अभ्यास करून दाखवलं होतं की त्रास देणारा आणि सोसणारा यांच्या पलीकडे त्रास देणाऱ्याला हात देणारे, हसून चढवणारे, बाजूला राहणारे आणि सोसणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणारे असे बाकीचे सगळे त्यात असतात. म्हणून मी त्रास देणाऱ्याशी एकट्याने बोललेच, पण हसणाऱ्या तिघांशीही एकेकाशी बोलले, ओरडले नाही, एवढंच विचारलं की उद्या तू काय करू शकतोस. एक म्हणाला, हसणार नाही. एक म्हणाला, त्याला माझ्या टीममध्ये घेईन. तिसरा काही बोलला नाही. ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी परत विचारलं, हे परत विचारणं विसरू नका, नाहीतर पहिलं बोलणं वाया जातं. बॉल देण्याची पाळी लिहून दाराला लावली. आठवड्याभरात स्कोअर लिहिण्याचीही पाळी लागली, ती मुलांनीच लावली.

ग्रुप प्रोजेक्टचा 'आमचे चार झाले' हा प्रकारही बंद करायचा होता. त्यासाठी जिगसॉ पद्धत वापरली, मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये सुरू केलेली. धड्याचे तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाकडे एकच तुकडा, तो त्याने बाकीच्यांना शिकवल्याशिवाय कोणालाच धडा पूर्ण होत नाही. तयारीला शिक्षकाचा बराच वेळ जातो म्हणून मी फक्त इतिहासाला केली.

आणि ती मुलगी? वर्षभर तिच्याकडे कधी वाचनालय, कधी आजारी मुलांचा अभ्यास. तिसऱ्या बाकावरची मैत्रीण परत जवळ आली पण आधीसारखं घट्ट नाही झालं, मधल्या काळात त्या मैत्रिणीने दुसरी सोबत शोधली होती. आईंचा निरोप आला की रविवारचं पोटदुखणं थांबलंय. वर्षअखेर तीच चिठ्ठी परत भरून घेतली तेव्हा तिच्याकडे चार बाण होते. खिडकीवाल्या मुलाकडे दोन. एका मुलीकडे मात्र आधी तीन होते, ते शून्यावर आले, आणि याचं कारण मला शोधायचंय, तिच्या पुढच्या क्लासटीचरना बंद लिफाफ्यात एवढंच लिहून दिलंय की मधल्या सुट्टीत तिच्याकडे लक्ष ठेवा.

अहवाल दोन पानी दिला, शिस्तीच्या तक्रारी किती आल्या त्यासकट, त्या आधीपेक्षा जास्त नव्हत्या, फार कमीही नव्हत्या. मोठ्या बाईंनी 'पुढील वर्षी इच्छुक वर्गशिक्षकांनी करावे' असा शेरा मारलाय. दोघींनी माझ्याकडून कामांच्या जोड्यांचा तक्ता नेलाय. तुम्ही करणार असाल तर अर्ज सत्र सुरू व्हायच्या आधीच टाका, एकदा बॅज छापून आले आणि पहिल्या दिवशी वाटले गेले की पुढचं सगळं दुप्पट अवघड होतं.